किती देते?

कोणत्याही कुटुंबाला मोटार तीन कामांसाठी लागते. पहिले काम रोजचे, दुसरे वर्षातून दोन-तीनदा येणारे आणि तिसरे कधीच न येणारे. गाणगापूरच्या घरात रोजचे काम म्हणजे अफजलपूरची तालुका कचेरी, कलबुर्गीचा दवाखाना आणि स्टेशनवरून पाहुणे आणणे. वर्षातून दोन-तीनदा येते ते लातूरकडचे लग्न, तुळजापूरची कुलदेवता आणि पंढरपूर. तेही सात माणसे, दोन पिशव्या आणि मांडीवर धरायचा लाडवांचा डबा यांसकट. कधीच न येणारे काम म्हणजे लडाख. जाहिरातीत मात्र फक्त लडाखच असते. त्यामुळे बहुतेक गाड्या तिसऱ्या कामासाठी मनात भरतात, दुसऱ्या कामासाठी विकत घेतल्या जातात आणि पहिल्या कामात झिजतात. शहाण्या खरेदीचा सगळा विचार हा क्रम उलटा करण्यात आहे. तो करणारी माणसे फार थोडी, आणि त्यांना घरात चिक्कू म्हणतात.

स्टेशनाचे काम किरकोळ समजू नये. रेल्वेच्या भाषेत एखाद्या स्टेशनाच्या नावापुढे ‘रोड’ लागला की गाव तिथे नाही असे समजायचे असते. सावंतवाडी रोडला सावंतवाडी नाही, तसे गाणगापूर रोडला गाणगापूर नाही. सोलापूर आणि कलबुर्गी यांच्यामधल्या या स्टेशनापासून दत्तमंदिर वीसेक किलोमीटरवर आहे आणि तेवढ्या अंतरात सरकारी बस, क्रूझर जीप आणि टमटम अशी तीन वाहने भाविकाची परीक्षा घेतात. टमटममध्ये किती माणसे बसवावीत याचा नियम आहे, पण तो टमटमला कोणी सांगितलेला नाही. गावात आल्यावर पुन्हा मंदिर ते भीमा-अमरजेचा संगम असा तीनेक किलोमीटरचा प्रवास उरतोच. एका गुडघ्यावर स्टीलची कळशी आणि दुसऱ्यावर अनोळखी माणसाचे मूल घेऊन हा प्रवास चार-पाच वेळा झाला, की घरात स्वतःच्या गाडीची भाषा सुरू होते.

इंधनबचतीचा विक्रम गाणगापुरात फार पूर्वीच झालेला आहे. सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’त तंतुकाची, म्हणजे विणकराची, कथा येते. शिवरात्रीसाठी गावची मंडळी श्रीशैल्याला निघाली. हा मात्र गुरुसेवा सोडून जाईना. त्याचे गुरू श्रीनृसिंह सरस्वती यांनी त्याला पादुका घट्ट धरून डोळे मिटायला सांगितले. उघडले तेव्हा तो श्रीशैल्याला होता. हाच प्रवास आज मोटारीने अख्खा दिवस खातो. तंतुकाला पेट्रोल लागले नाही, टोल लागला नाही आणि घाटात खिडकीबाहेर डोके काढावे लागले नाही. दिवाळीत निरनिराळ्या गावांच्या भक्तांनी एकाच वेळी बोलावले, तेव्हा श्रीगुरूंनी आठ रूपे घेतली आणि एकालाही नाराज केले नाही. घरात दुसरी गाडी हवी म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य वाचावा. पुढच्या काळात ही सोय राहिली नाही आणि माणसाला छकडा, एसटी, मॅटाडोर अशा पायऱ्या चढत यावे लागले.

एके काळी गाडी निवडण्याचा प्रश्नच नव्हता. हुगळीकाठी उत्तरपाड्यात अ‍ॅम्बॅसडर बनत असे आणि मुंबईत कुर्ल्याला फियाट, जी पुढे पद्मिनी झाली. गिऱ्हाईक गाडी निवडत नसे, रांग निवडत असे. १४ डिसेंबर १९८३ला मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गाला पहिल्यांदाच कळले, की मोटार सकाळी एका चावीत सुरू होते, तिला ढकलायला शेजारी उठवावे लागत नाहीत. शेजारधर्म तेव्हापासून कमी झाला, असे मानणारे लोक अजून आहेत. मारुती ८०० आणि अ‍ॅम्बॅसडर या दोघींचे उत्पादन २०१४ याच वर्षी थांबले. आता एकेका कंपनीच्या एकेका गाडीचे सात-आठ प्रकार असतात आणि त्यांतल्या सगळ्यांत स्वस्त प्रकारावर पेनाने फुली मारूनच शोरूमवाला माहितीपत्रक पुढे सरकवतो.

या सगळ्या गर्दीत गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच असतो: किती देते? हा प्रश्न मोटारीसाठी जन्मलेला नाही. भीमेच्या दोन्ही काठांवर तो पिढ्यान्‌पिढ्या म्हशीबद्दल विचारला गेला आहे आणि तोच शब्द, तोच सूर, तोच संशय घेऊन मोटारीकडे आला. फरक एवढाच, की म्हैस लिटर देते आणि मोटार लिटर घेते. तरी प्रश्न बदलला नाही. पंढरपुरी म्हैस विकणारा दोन वेळचे मिळून सांगतो आणि घेणारा एका वेळचे समजतो. मोटारीतही असेच घडते. कंपनीचा आकडा असतो रिकाम्या रस्त्याचा, तो ऐकला जातो कलबुर्गीच्या बाजारातला म्हणून. या आकड्याला मायलेज हा शब्द फक्त माहितीपत्रकात आहे. लोक त्याला अव्हरेज म्हणतात. सरासरी काढण्याचे कष्ट मात्र कोणी घेत नाही. एकदा उतारावर, पाठीमागून वारा असताना मिळालेला आकडा आयुष्यभर सांगितला जातो.

कंपनीचा आकडा येतो कुठून, हे समजून घेण्यासारखे आहे. देशात तो ‘एआरएआय मायलेज’ म्हणून ओळखला जातो. एआरएआय ही मोटारींची चाचणी करणारी संस्था १९६६ सालची असून तिचे मुख्य ठाणे पुण्यात कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीवर आहे. चाचणीत गाडी रस्त्यावर धावतच नाही. प्रयोगशाळेत रुळांवर चाके फिरतात, गाडी जागच्या जागी असते आणि ठरावीक क्रमाने वेग वाढवला-कमी केला जातो. हा कार्यक्रम वीसेक मिनिटांचा, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, एसी बंद. आत एक चालक. मागच्या सीटवर मावशी नाहीत, डिकीत ज्वारीचे पोते नाही, समोर म्हशींचा कळप नाही. सर्व गाड्यांना एकच माप लागावे म्हणून हे असे करतात आणि तुलनेसाठी ते योग्यही आहे. वॅगन आरच्या एक लिटर इंजिनाच्या गाडीला अशा मोजणीत लिटरला २४.३५ किलोमीटर मिळतात, सात आसनांच्या अर्टिगाला २०.५१. या दोन आकड्यांतले अंतर खरे मानावे. आकडे खरे मानू नयेत. गाणगापूर हे बाधा उतरवण्याचे ठिकाण म्हणून सर्वत्र प्रसिद्ध आहे. वेताळ टेकडीवर अंगात आलेला चोवीसचा आकडा इथे आल्यावर उतरतो, यात नवल वाटण्याचे कारण नाही.

उतरतो तो साधारण अठरा-एकोणिसावर. कारणे उघड आहेत. उन्हाळ्यात कलबुर्गी जिल्ह्यात पारा चाळिशीच्या वर जातो, त्यामुळे एसी ही चैन राहत नाही आणि तो इंजिनाच्याच ताटातले खातो. जमीन काळी, पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी. तिच्यावरचा रस्ता पहिल्या वर्षी सपाट असतो आणि पुढे नांगरटीची आठवण ठेवतो. प्रत्येक गावाच्या तोंडाशी एक गतिरोधक असतो; ज्या गावात एखाद्याची कोंबडी गाडीखाली आली तिथे दोन. गाडी थांबून पुन्हा चालू लागते तेव्हा सर्वांत जास्त इंधन पिते आणि अक्कलकोट ते गाणगापूर या सत्तरेक किलोमीटरांत ती तशी कितीदा पिते हे मोजणाऱ्याचे बोटांवर भागत नाही. टायरमध्ये हवा कमी असते, कारण हवा फुकट मिळते आणि फुकटच्या गोष्टीसाठी कोणी रांग लावत नाही. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यात पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, म्हणून अव्हरेज आणखी काही टक्के घटते. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणावर उसापासून निघते. भीमाकाठचा बागायतदार सकाळी कारखान्यावर उसाला दर कमी म्हणून भांडतो आणि संध्याकाळी पंपावर गाडी कमी देते म्हणून. दोन्ही ठिकाणी भांडणाचा विषय एकाच रसाचा असतो.

खरे अव्हरेज काढण्याची रीत सोपी आहे. नळी आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरावी, किलोमीटरचा काटा शून्यावर आणावा, तीन-चारशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवावी, त्याच पंपावर पुन्हा नळी बंद पडेपर्यंत भरावी आणि झालेल्या किलोमीटरांना भरलेल्या लिटरांनी भागावे. येणारे उत्तर वहीत लिहावे. ते कोणाला सांगण्याची प्रथा नाही. सांगायचा आकडा वेगळा असतो: शेजाऱ्याला वहीपेक्षा दोनने जास्त, मेहुण्याला चारने जास्त, आणि गाडी विकताना कंपनीने छापलेला.

पण या आकड्यावर किती जीव टाकावा? घरगुती गाडी वर्षाला ८,००० किलोमीटर चालली आणि हिशेबापुरते पेट्रोल १०० रुपये लिटर धरले, तर चोवीस देणारीला ३३,३०० रुपयांचे इंधन लागते आणि अठरा देणारीला ४४,४००. फरक वर्षाला ११,१०० रुपये, म्हणजे महिन्याला हजाराच्याही आत. हा हजार वाचावा म्हणून दीड लाख जास्त मोजणारे गिऱ्हाईक शोरूमवाल्याला फार आवडते. त्याला चहा दोनदा मिळतो.

सीएनजीचे गणित याच जातीचे. त्याच गाडीचा सीएनजी प्रकार नव्वदेक हजारांनी महाग असतो. वॅगन आरचा छापील आकडा किलोला ३४.०५ किलोमीटर, रस्त्यावर २६ धरला आणि किलोला ९० रुपये, तर ८,००० किलोमीटरांना २७,७०० रुपये लागतात. वर्षाला सोळा-सतरा हजार वाचले तरी नव्वद हजार वसूल व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ लागतो. भाड्याची गाडी वर्षाला तीस हजार किलोमीटर चालते, तिला दीड वर्ष पुरते. म्हणून टॅक्सीवाल्याने सीएनजी घ्यावी, आणि टॅक्सीवाला घेतो म्हणून मास्तरांनी घेऊ नये. शिवाय सिलिंडर डिकीत बसतो. टाटांनी २०२३पासून एका मोठ्याऐवजी दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी घालून थोडी जागा सोडवली. बाकी बऱ्याच गाड्यांत सिलिंडर गेला की मुक्कामाच्या पिशव्या आजोबांच्या मांडीवर येतात. पंप आपल्या रोजच्या वाटेवर आहे का, हे तर आधीच पाहावे. गॅससाठी पन्नास किलोमीटर जाऊन येणारा माणूस गॅसवरच जाऊन येतो.

डिझेलचे आकर्षण शेतकऱ्याला, कारण ट्रॅक्टरसाठी आणलेले कॅन गोठ्यात असतेच. पण २०२०च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे नवे निकष आले, मारुतीने डिझेल गाड्या थांबवल्या आणि लहान मोटारींतून डिझेल जवळपास हद्दपार झाले. विजेची गाडी रोजच्या कामाला उत्तम. लग्नाला निघाली की मात्र भक्तनिवासाच्या व्यवस्थापकाकडे खोलीच्या आधी प्लग मागावा लागतो.

आता पैशाचा विचार. गाडीची किंमत म्हणून जो आकडा ऐकू येतो तो एक्स-शोरूम असतो आणि रस्त्यावर येईपर्यंत तो वयात येतो. सहा लाखांच्या गाडीला कर्नाटकात १४ टक्के आजीवन कर आणि त्यावर उपकर धरून नव्वद हजारांच्या पुढे जातात. महाराष्ट्रात तशाच पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे ६६ हजार. त्यावर विमा; त्यातला तिसऱ्या पक्षाचा विमा नव्या गाडीला सप्टेंबर २०१८पासून एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. मग चटया, सीट कव्हर, पुढच्या काचेखाली दत्ताची मूर्ती. सगळी बेरीज सव्वासात-साडेसात लाखांवर जाते आणि घरातून निघताना ‘सहापर्यंत’ ठरलेले असते.

कराच्या या फरकामुळे सीमेवर पाट्यांचे एक शास्त्र निर्माण झाले आहे. केए-३२ म्हणजे कलबुर्गी, केए-३८ बिदर, एमएच-१३ सोलापूर, एमएच-२५ धाराशिव. इकडच्या माणसाला सोलापूरच्या चुलत्याच्या नावावर गाडी घेऊन सत्तावीस हजार वाचवण्याची कल्पना झोपेत सुचते. कायदा असा, की दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिची नोंदणी इकडे करून घ्यावी लागते, कर इकडचा भरावा लागतो आणि तिकडचा परत मागण्यासाठी सोलापूरला इतक्या खेपा होतात की वाचलेल्या पैशांचे पेट्रोल होते. शिवाय दर वेळी चुलत्यांना सही मागावी लागते आणि चुलते विचारतात, “गाडी नेमकी कोणाची?” उलट दिशेने महाराष्ट्राच्या पाटीची गाडी टाकी रिकामी ठेवून सीमा ओलांडते, कारण कर्नाटकात इंधन पुष्कळदा थोडे स्वस्त असते. सीमा म्हणजे काय, हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा पंपावरच्या रांगेत चांगले समजते.

सरकारचा कर गाडीचा आकारही ठरवतो. चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाडीला कर कमी. २२ सप्टेंबर २०२५पासून तिच्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ही चार मीटरांची रेघ जुनी आहे. म्हणून २००८ साली ४,१६० मिलिमीटर असलेली डिझायर २०१२मध्ये ३,९९५ मिलिमीटरची झाली. शेपूट कराने खाल्ले. त्यानंतर तिची डिकी बघून पुष्कळांना वाटले, की गाडी मागून कोणी ठोकली काय.

कर्जाबद्दल गाणगापूरकराला वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही. गुरुचरित्रातल्या रजकाला नदीवर कपडे धुताना राजाचा लवाजमा दिसला, मनात वासना उठली आणि तिच्यापायी पुढच्या जन्मी तो बिदरचा राजा झाला. हल्ली एवढे थांबावे लागत नाही. शेजाऱ्याची उंच, रुंद, छताला खिडकी असलेली गाडी पाहून वासना उठली, की बँक याच जन्मी सोय करते आणि हप्ते देते ८४. लक्षचौऱ्यांशीचा फेरा ऐकून माहीत असलेल्या माणसाला हा आकडा बघूनच सावध व्हायला हवे. सहा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ९,८०० रुपये आणि एकूण व्याज सव्वादोन लाखांच्या घरात. पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता १२,६०० आणि व्याज दीड लाखाच्या जरा वर. पाच वर्षांचा हप्ता डोईजड वाटत असेल, तर मुदत वाढवण्यापेक्षा गाडी लहान करावी. पण लहान गाडी लग्नमांडवासमोर उभी केली की ती दोन मोठ्यांच्या मध्ये दिसत नाही आणि माणूस तेवढ्यासाठी दोन वर्षे जास्त फेडतो.

विश्वासूपणा हा गुण माहितीपत्रकात छापता येत नाही, त्यामुळे तो बाहेर शोधावा लागतो. त्यासाठी सर्वांत चांगले ठिकाण मंदिराजवळचा वाहनतळ. पौर्णिमेला तिथे पुण्या-मुंबईच्या, सोलापूरच्या, हैदराबादच्या भाड्याच्या गाड्या लागतात. ज्या गाडीवर माणसाची चूल पेटते ती त्याने विचार न करता घेतलेली नसते. अर्टिगा आणि डिझायर यांच्या रांगा तिथे का दिसतात, हे एखाद्या चालकाला चहा पाजून विचारले की तो इंजिनाची स्तुती करत नाही. सामान कुठेही मिळते, एवढेच सांगतो. मोटार बिघडते हे गृहीत आहे. ती किती किलोमीटरवर दुरुस्त होते यावर तिची खरी किंमत ठरते. क्लचप्लेट संध्याकाळपर्यंत कलबुर्गीहून येणार असेल तर गाडी विश्वासू. आरशाची काच बंगळुरूहून पंधरा दिवसांनी येणार असेल तर ती कितीही नामांकित असो, गाणगापुरात ती पाहुणीच. गावच्या मेस्त्रीला जी गाडी डोळे मिटून खोलता येते आणि मुख्य म्हणजे परत जोडता येते, ती घ्यावी. नव्या गाड्यांत संगणक आल्यापासून मेस्त्रीचा हात थबकतो. बॉनेट उघडून तो बराच वेळ बघतो आणि शेवटी काच पुसण्याच्या पाण्याची टाकी भरतो.

सुरक्षेचे तारे हल्ली गाडीच्या नावाशी जोडले जातात. ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप ही देशी चाचणीही सुरू झाली आहे. नव्या डिझायरला २०२४मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. वजनाने हलक्या आणि स्वस्त गाड्यांत तारे मोजकेच असतात. बचतीच्या भरात हा रकाना कोरा सोडू नये. पत्रिकेत छत्तीस गुण जुळवणाऱ्या समाजाने पाच तारे पाहायला हरकत नसावी. तारे कितीही असले तरी मागच्या सीटवरचा पट्टा कोणी लावत नाही. तो लाडवांच्या डब्याला लावतात.

जुनी गाडी घ्यावी का? खिशाकडे बघता अवश्य घ्यावी. विम्याच्या कोष्टकात पहिले वर्ष संपेपर्यंत गाडीची किंमत १५ टक्क्यांनी आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्क्यांनी उतरलेली धरतात. चार-पाच वर्षांची, नीट राखलेली गाडी निम्म्या पैशांत मिळते आणि अजून दहा वर्षे चालते. अडचण ‘नीट राखलेली’ या दोन शब्दांत आहे. बाजारातली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांची असते. ती एकहाती असते, फक्त रविवारी बाहेर निघालेली असते आणि टायर ऐंशी टक्के असतात. महाराष्ट्र-कर्नाटकात एवढे डॉक्टर असते, तर कलबुर्गीच्या दवाखान्यासाठी गाडी घ्यावी लागली नसती.

या बाबतीत गुरांचा बाजार पाहिलेला माणूस नव्या पिढीपेक्षा फार पुढे असतो. सांगोल्याच्या बाजारात म्हैस तुंबवून आणतात, म्हणजे आदल्या वेळचे दूध न काढता कास भरलेली दाखवतात. मोटार धुऊन, इंजिनावर चकाकणारे तेल फवारून आणतात. बैलाचे वय दातांवरून कळते, मोटारीचे टायरवरून. टायरच्या कडेला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ‘फक्त बारा हजार चाललेल्या’ गाडीचे चारही टायर नवे कोरे असतील, तर किलोमीटरचा काटा कुणीतरी कवळीसारखा बदलला असे समजावे. खरेदीदार बैलाला चालवून त्याच्या खुरांकडे बघतो. इथे दरवाजाचे रबर उचलून आतले मूळ वेल्डिंग शाबूत आहे का ते बघावे, गालिचा उचलून गंज आणि चिखल बघावा, कारण पुरात बुडालेली गाडी अत्तर लावून विकतात. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर ती पेट्रोलबरोबर ऑइलही पिते. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघायला जावे. मालकाने आधीच ती सुरू करून तापवून ठेवली असेल, तर राम राम करून परतावे. मालक कितवा, विमा कधीपर्यंत, हे एमपरिवहन अ‍ॅपवर कळते. हे एक सुख बैल घेणाऱ्याला नव्हते. त्याच्याकडे मात्र रुमाल होता. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली बोटे धरून सौदा करत आणि भाव चारचौघांत फुटत नसे. मोटारीचा भाव ठरताना शोरूममध्ये घरातली पाच माणसे असतात आणि कमाल आकडा लहान मुलगा ओरडून सांगतो.

गुरांच्या भाषेतच बोलायचे, तर लातूर-बिदरच्या सीमेवरची देवणी ही दुहेरी कामाची जात: गाय दूध देते, बैल शेत ओढतो. सोलापूरकडचा खिलार दिसायला देखणा आणि पळण्यात तेज, पण दुधाच्या नावाने थोडाच. घरासाठी देवणी घ्यावी, शर्यतीसाठी खिलार, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मोटार घेताना मात्र तोच शेतकरी डोळे मिटून खिलाराच्या शिंगांवर हात ठेवतो. उंच, सरळ उभी, दार मोठे असलेली साधी गाडी हीच इथली देवणी. तीत म्हाताऱ्या माणसाला वाकावे लागत नाही, धोतर दारात अडकत नाही आणि नऊवारीतल्या आजी कोणाचा हात न धरता उतरतात. देवणीचे रंगावरून वानेरा, बाळंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार पाडतात; मोटारीचेही रंग असतात, पण ते ‘पर्ल’ आणि ‘मेटॅलिक’ म्हणून जास्त पैसे घेऊन विकतात. पांढरा फुकट मिळतो, उन्हात कमी तापतो आणि म्हणून घरात कोणालाच नको असतो.

एवढी माहिती जमली तरी निर्णय होत नाही, कारण अजून मधुकरी बाकी असते. दत्तप्रभू रोज माध्यान्ही गाणगापुरात भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे, म्हणून इथे आलेला भाविक, तो कितीही गर्भश्रीमंत असो, झोळी घेऊन किमान पाच घरी मधुकरी मागतो. गाडी घेणाराही पाच घरी जातो. पहिले घर मेहुण्याचे. त्याच्या गाडीने त्याला रडवलेले असते आणि म्हणूनच तो तीच घ्यायला सांगतो. दुःखाला सोबत लागते. दुसरे घर निवृत्त मास्तरांचे, ज्यांनी आयुष्यात सायकल सोडून काही चालवलेले नाही. ते सर्वांत ठाम असतात. तिसरा मेस्त्री: तो बंद पडलेल्या मॉडेलची शिफारस करतो. चौथा पंपावरचा पोरगा: तो कोणत्या गाड्या वारंवार येतात एवढेच सांगतो, आणि हे एकच मत कामाचे असते. पाचवा पुण्याचा भाचा. तो तासाभराची चित्रफीत पाठवतो, ती शेवटपर्यंत कोणी बघत नाही. दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले, एकेकाचा एकच गुण घेतला आणि पुढची वाट धरली. गिऱ्हाईक एकेकाकडून अख्खी गाडी घेऊन पुढच्या दारी जाते. झोळीत भात, भाकरी, आमटी आणि शिरा एकत्र होतात, आणि त्यातून जे तयार होते ते खायचे असते.

प्रत्यक्षात घरी येते ती बहुतेक वेळा तीच, जी सगळ्यांनी सगळ्यांत कमी नाकारलेली असते: लहान इंजिनाची, पेट्रोलची, उंच दाराची, पांढरी. दिवस दसऱ्याचा, कारण आयुधपूजेला नांगर, शिवणयंत्र आणि मोटार एका ओळीत बसतात. हार बॉनेटवर इतका मोठा घालतात की समोरचे दिसत नाही. हळद-कुंकवाचे स्वस्तिक, आरशाला काळी दोरी, चारही चाकांखाली लिंबे. मंदिराच्या वाटेवर पुजारी नारळ फोडतात, पाणी बॉनेटवर शिंपडतात, गाडीला एक पूर्ण प्रदक्षिणा घालतात आणि दक्षिणा कनवटीला लावत मालकाकडे वळून तोच प्रश्न कानडीत विचारतात, “एष्ट कोडतद री?”

गाडी शोरूममधून निघून जेमतेम चाळीस किलोमीटर आलेली असते. वहीचे पहिले पान कोरे असते. मालक पाय ब्रेकवरून काढतो, चाकांखाली लिंबे चिरडतात आणि तो छाती काढून सांगतो, “चोवीस.”